ते गेले, हे आहेत

दि. ९ नोव्हेंबर
एका बंदरावरचं पोस्ट ऑफिस

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? गोळी चहाच्या आधी घ्यायची आहे, चहानंतर नव्हे. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर औषधं देणारी बाई स्वतःच्या गोळीशी इतकी सावत्रपणे का वागते, हे मला कधी कळलेलं नाही. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी बेतानं घाला. मागच्या वेळी मी चार दिवस बाहेर होते, तर तुम्ही त्यांना पोहायला शिकवलं होतं.

फोन केला असता. पण तुम्ही "हॅलो, जेवलात का" एवढं विचारून फोन खालच्या बाईंच्या मुलीकडे देता, आणि मला जे सांगायचंय ते त्या मुलीकरवी सांगण्यासारखं नाही. ओरडून सांगण्यासारखंही नाही. म्हणून इथल्या काउंटरवर कागद विकत घेतला आणि खिडकीशी बसले आहे. समोर समुद्र आहे आणि आमचं जहाज. आपली इमारत आडवी करून पाण्यात ढकलली तर जशी दिसेल, तसं दिसतं.

खोली लहान पण नेटकी आहे. बॅगा खाटेखाली, कपाट आरशामागे. न्हाणीघर एवढंसं, की साबण हातातून पडला तर उचलायला बाहेर यावं लागतं. पहिले दोन दिवस माझ्या पोटात नुसतं ढवळत होतं. जेवणाच्या टेबलावर आमच्यासोबत एक निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको असतात. ते बसवाले मला म्हणाले, "समुद्राला ब्रेक नसतो बाई, तो आपण पोटाला लावायचा." मला काही लागला नाही. मग लिंबूपाणी आणून दिलं, पाठीशी उशी लावून दिली, खिडकीचा पडदा ओढून घेतला, तेव्हा कुठे जरा डोळा लागला.

कुणी आणून दिलं, कुणी लावून दिली, असं तुम्ही आत्ता मनात विचारलंत. तुमचा चष्मा कपाळावर गेलेला मला इथून दिसतो आहे.

मी तुम्हाला सांगितलं होतं की ऑफिसातल्या निवृत्त बायकांचा गट आहे, त्यांच्याबरोबर निघाले आहे. त्या बायका फार चांगल्या आहेत. पण त्या इथे नाहीत. त्या आपापल्या घरी आहेत. वन्सं, रागावायचं असेल तर थोडं थांबा. सगळं एकदम रागावण्याजोगं नाही, काही हसण्याजोगंही आहे. आज सकाळी जे झालं ते आधी सांगते, बाकीचं त्यातूनच बाहेर येईल. सकाळीही ते तसंच बाहेर आलं.

या बंदराला जहाज लागलं की इथले अधिकारी स्वतः जहाजावर चढतात. प्रत्येक प्रवाशाने आपला पासपोर्ट आणि भरलेला कागद घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. त्यांनी शिक्का मारला तर खाली उतरायचं. आणि नियम असा की शेवटच्या प्रवाशाची तपासणी होईपर्यंत कुणालाच उतरू देत नाहीत. म्हणजे एकाचं अडलं की सगळं जहाज अडलं. काल हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, तो एक कोण कमनशिबी असेल कोण जाणे.

कागद आदल्या दिवशीच खोलीत वाटले होते. नाव, जन्मतारीख, व्यवसाय, कुठून आलात. मी व्यवसायात लिहिलं, 'पाणीपट्टी कार्यालय, निवृत्त'. शेवटचा रकाना होता, 'कुणासोबत प्रवास करत आहात?' तिथे माझं पेन थांबलं. तो कागद तुमच्या हाती पडणार नव्हता, आपल्या इमारतीत कुणाच्याच पडणार नव्हता. तरी हात धजेना. शेवटी मी लिहिलं, 'एकटी'. आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

सकाळी त्या मोठ्या नाचाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. रांगेत माझ्या पुढे लिफ्टवाले होते.

होय, तेच. आपल्या इमारतीचे. उंच, थोडे वाकलेले, खिशात कायम पाना असणारे. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, की आपली लिफ्ट जितकी बिघडते त्याहून जास्त वेळा दुरुस्त होते. तेव्हा मी भाजी चिरत होते आणि माझं बोट कापता कापता राहिलं होतं.

त्यांचं काम पटकन झालं. शिक्का बसला, ते बाजूला झाले. माझी पाळी आली. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने माझा कागद पाहिला, मला पाहिलं, मग आधीच्या गठ्ठ्यातून लिफ्टवाल्यांचा कागद काढून शेजारी ठेवला. खोली क्रमांक दोन्हींवर एकच. तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. त्याने हाताने भिंतीकडे दाखवलं. तिथे खुर्च्यांची एक रांग होती. पाणीपट्टीच्या ऑफिसात माझ्या खिडकीसमोर लोक उभे असायचे आणि मी म्हणायची, "कागद जुळत नाहीत, जरा बाजूला बसा." त्या बाजूला बसणं म्हणजे काय असतं ते आज कळलं. 

लिफ्टवाले येऊन शेजारच्या खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "तुमचं झालंय. तुम्ही जा."

"कुठे जाऊ? तिकीट दोघांचं आहे."

"पण तुमच्या कागदावर शिक्का बसलाय."

"शिक्का बसला म्हणजे पाय मोकळे झाले असं थोडंच आहे?" ते म्हणाले आणि जहाजाच्या लिफ्टकडे बघत बसले. त्यांना बेचैन वाटलं की ते लिफ्ट वर-खाली होताना बघतात. मी तेवढं ओळखायला लागले आहे.

हॉल रिकामा होत गेला. ज्यांचं झालं ते बाहेरच्या बोळात टोप्या घालून, पिशव्या लटकवून दाटीवाटीने उभे. शेवटी हॉलमध्ये आम्ही दोघंच राहिलो. लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं की एका प्रवाशाची तपासणी बाकी आहे, ती पूर्ण होताच उतरता येईल. नाव घेतलं नाही, पण काचेच्या दारातून सगळे मलाच बघत होते.

मग त्यांच्यातली वरिष्ठ बाई आली. तुमच्या वयाची असेल. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात, गणवेशाला इस्त्री अशी की हात लावला तर कापेल. तिने जहाजाच्या स्वागतकक्षातल्या मुलीला दुभाषी म्हणून बोलावलं. ही मुलगी आपली भाषा बोलते, पण परदेशी वाढलेली. आजीकडून शिकली, म्हणते. बरीचशी बोलते, मधली मधली गळते.

बाईंनी दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले आणि काहीतरी म्हटलं. मुलगी म्हणाली, "मॅडम विचारतायत, या गृहस्थांनी लिहिलंय, 'पत्नीसोबत'. तुम्ही लिहिलंय, 'एकटी'. खोली एकच आहे. दोघांपैकी एकाचं चुकलंय. कुणाचं?"

वन्सं, आता तुम्हाला कळलंच आहे. कागद खाली ठेवू नका, पुढे वाचा.

जहाजावर चढण्याच्या आठ दिवस आधी आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न केलं. दुपारची वेळ होती. साक्षीला त्यांच्या लिफ्ट कंपनीतला सोबती आणि माझ्या खिडकीशेजारी बसणारी मैत्रीण. त्या दिवशी मी तुम्हाला डोळे तपासायला जाते म्हणून सांगितलं होतं. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "नंबर वाढला का?" मी म्हटलं, "थोडासा." तुम्ही म्हणालात, "या वयात वाढतोच." मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुण्याचं निमित्त करून बराच वेळ उभी राहिले. हसत होते की रडत होते ते मलाच नक्की सांगता येणार नाही.

हे सगळं कसं झालं, तेही सांगते. कंपनीने त्यांना निवृत्तीची भेट म्हणून या सफरीचं तिकीट दिलं. दोघांचं. त्यांची बायको जाऊन वीस वर्षं झाली, हे कंपनीच्या कागदावर कुणी सुधारलंच नव्हतं. ते आपल्याकडे लिफ्ट तपासायला आले. मी बाजारातून येत होते. म्हणाले, "या, चालते का बघू." चार मजले वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. तिसऱ्यांदा खाली येताना म्हणाले, "माझ्याकडे दोघांचं तिकीट आहे. एकटा गेलो तर एक खाट उगाच रिकामी जाईल." एवढंच. मी म्हटलं, "मी परपुरुषाबरोबर एका खोलीत राहणार नाही." ते म्हणाले, "ते मलाही चालणार नाही. म्हणून तर विचारतोय." वन्सं, गेली तीन वर्षं तो माणूस दर पंधरवड्याला आपली लिफ्ट तपासायला येत होता. लिफ्टमध्ये काही दोष नव्हता.

तुम्हाला सांगायला मी रोज घ्यायची आणि रोज राहून जायचं. तुम्ही समोर तुमच्या दादांच्या खुर्चीत बसून स्वेटर विणत असायचात. दादा गेले तेव्हा तुम्ही तुमचं सामान उचलून माझ्याकडे राहायला आलात. "नात्यानं धाकटी असले तरी वयानं मोठी आहे, तेव्हा ऐकायचं," म्हणालात आणि मला हाताला धरून जेवायला बसवलंत. अकरा वर्षं झाली. त्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुमच्या भावाच्या घरात मी दुसऱ्याचं नाव आणते आहे? म्हणून तोंड बंद ठेवलं. आणि तोंड बंद ठेवायची सवय इतकी लागली की परक्या देशाच्या कागदावरही मी 'एकटी' लिहिलं.

तर, त्या बाई उत्तराची वाट पाहत होत्या.

मी लिफ्टवाल्यांकडे बघितलं. त्यांना एका शब्दाने मला सोडवता आलं असतं. शर्टाच्या खिशात लग्नाचा दाखला होता, त्यांनी तो प्लास्टिकच्या आवरणात घालून घेतला आहे आणि रोज शर्ट बदलला की तोही बदलतात. पण त्यांनी खिशाला हात लावला नाही. उत्तर माझ्याकडे मागितलं होतं.

मी म्हटलं, "माझं चुकलं. हे माझे... हे."

मुलीने मान वाकडी केली. "'हे' म्हणजे काय सांगू त्यांना?"

"हे म्हणजे हे गं."

"हे म्हणजे... ही वस्तू?"

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बायकांचं या एका अक्षरावर भागलं. आज ते चालेना. माझ्या मागे काचेच्या दाराआड अख्खं जहाज खोळंबलेलं, पुढे ती इस्त्रीची बाई. मी उभी राहिले. का उभी राहिले कोण जाणे, खुर्चीत बसून म्हणण्यासारखं ते नव्हतंच.

"नवरा," मी म्हटलं. "सांग त्यांना. हा माझा नवरा आहे. माझं लग्न झालंय यांच्याशी."

मुद्दाम मोठ्याने बोलले नव्हते. पण तो नाचाचा हॉल, गाण्यासाठी बांधलेला. आवाज असा घुमला की बोळातल्या लोकांपर्यंत गेला. मुलीने भाषांतर केलं. बाईंनी मान हलवली आणि माझा पासपोर्ट उघडला. शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे पतीचं नाव आहे. तुमच्या दादांचं.

"मग हे कोण?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न आला की मी कोसळेन. तसं झालं नाही. मी त्या नावाकडे बघितलं. दादा दुपारी वर्तमानपत्र छातीवर घेऊन झोपायचे आणि आपण झोपलोच नव्हतो असं सांगायचे, ते आठवलं. मनात काहीही खळखळलं नाही.

"हेही माझे यजमान," मी म्हटलं. "अकरा वर्षांपूर्वी गेले. पासपोर्ट नवा करताना तिथल्या कारकुनाने विचारलं होतं, नाव काढू का. मी नको म्हटलं. तेव्हा मला काढायचं नव्हतं."

मुलगी भाषांतर करताना अडखळायला लागली. दोन नवरे, एक कागदावर, एक शेजारी, आणि बाई म्हणते एकटी. तिची त्रेधा उडाली. मग मी तिला थांबवलं. इथल्या भाषेतले चार शब्द मी जहाजावर वाटलेल्या पुस्तिकेतून पाठ केले होते, बाजारात उपयोगी पडतील म्हणून. 'आहे' आणि 'गेला' हे दोन मला येत होते. माल आहे की गेला, ते दुकानदाराला विचारायला. मी पानावरच्या नावावर बोट ठेवलं आणि त्यांच्या भाषेत म्हटलं, "ते गेले." मग शेजारी बघितलं, त्यांचा हात धरला, आणि म्हटलं, "हे आहेत."

वन्सं, अकरा वर्षांत मी कुणाला 'हे' म्हटलं नव्हतं.

त्या बाईंनी चष्मा काढला. आता काय म्हणतात असं झालं मला. त्या हसल्या-बिसल्या नाहीत. त्यांनी दाखला मागितला, यांनी खिशातून काढून दिला, त्यांनी तो उलटसुलट पाहिला, प्लास्टिक नखाने वाजवून पाहिलं. मग टेबलावरून एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मुलगी म्हणाली, "मॅडम म्हणतात, मग हे नीट भरा. खोडाखोड चालणार नाही."

हेच वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल. पण कुणी ते इतक्या आनंदाने ऐकलं नसेल. मी लिहिलं, 'पतीसोबत'. ठळक, मोकळ्या अक्षरात, रकान्याच्या बाहेर जाईल असं. बाईंनी शिक्का उचलला आणि मारला. काय आवाज आला म्हणून सांगू. दारावर थाप पडावी तसा.

काचेचं दार उघडलं. आम्ही बोळात आलो तर लोकांनी मधून वाट करून दिली. अडवून ठेवल्याबद्दल कुणी काही बोलेल असं वाटत होतं. बसवाले सगळ्यात पुढे उभे होते, डोक्यावर बायकोची टोपी. म्हणाले, "लागलं का एकदाचं लग्न?" त्यांच्या बायकोने टाळी वाजवली, मग पाठीमागच्यांनीही, ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनीसुद्धा. नोंदणी कार्यालयात आम्हाला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिथे पुढच्या जोडप्याला घाई होती.

जिना उतरून जमिनीवर पाय ठेवला तर जमीनच हलत होती. "थोड्या वेळाने बसेल," हे म्हणाले. आम्ही बंदराच्या रस्त्याने चाललो. दोरखंडांची दुकानं, एक न्हावी, खिडक्यांमधून वाळत घातलेल्या चादरी. मी हात सोडला नाही. कुणी ओळखीचं भेटेल म्हणून सोडण्याची सवय आहे, पण आज भेटलं असतं तरी सोडला नसता. पावाच्या दुकानात बाईने विचारलं, किती, आणि मी म्हटलं, "दोन." साधा शब्द आहे. तोंडात फार दिवसांनी आला.

हे सध्या मागच्या बाजूला आहेत. या पोस्टात जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट आहे. तिचा आवाज ऐकून त्यांना राहवेना. मी म्हटलं, जा, मला वन्संना लिहायचंय. ते म्हणाले, "सगळं लिही. मला चांगला दाखवायला जाऊ नकोस."

म्हणून सगळं लिहिलं. आता एकच राहिलं. त्यांना हो म्हणण्याआधी मी एक अट घातली होती. म्हटलं, अट चौसष्ट वर्षांची आहे, कानाने कमी ऐकते, चहात साखर घालू देत नाही, आणि ती जिथे राहील तिथेच मी राहीन. ते म्हणाले, "त्यांनी मला राहू दिलं तर." तेव्हा घरातली तुमची जागा तुमचीच आहे. प्रश्न त्यांच्या जागेचा आहे, आणि तो तुम्ही सोडवायचा आहे.

घरी परतण्याआधीचं शेवटचं बंदर आम्ही सव्वीस तारखेला गाठू. तिथल्या जहाज कंपनीच्या कचेरीत प्रवाशांची पत्रं येतात, पत्ता मागे लिहिला आहे. उत्तर द्या. शिव्या असल्या तरी चालतील, फक्त कोरं ठेवू नका.

माझं नाव कुठल्या कागदावर काय होईल ते होवो. खाली जे लिहिते आहे ते मात्र मी कुणाला विचारून लिहिलेलं नाही.

तुमची,
वहिनी


दि. १९ नोव्हेंबर
घरून

वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन चार जिने चढून आला आणि मला दोन शब्द ऐकवून गेला, कारण लिफ्ट बंद आहे. ती का बंद आहे आणि कधी चालू होईल हे मी तुम्हाला सांगायला नको.

गोळी चहाआधी घेते. एक कुंडी गेली.

आता मुद्द्याचं. मी दोन दिवस रागात होते.  राग लग्नाचा नव्हता. राग याचा, की मला सांगायच्या आधी तुम्ही एका गणवेशातल्या बाईला सांगितलंत. मीही आयुष्यभर गणवेशच घातला. मला सांगितलं असतं तर मीही आधी कागद मागितला असता, आणि मग शिक्का मारला असता.

दुसरा राग माझा माझ्यावर. बाळंतिणींच्या वॉर्डात नुसता चेहरा बघून मी सांगायची, हिला अजून वेळ आहे, हिला आत घ्या. घरातल्या बाईचा चेहरा तीन वर्षं समोर होता आणि मला काही दिसलं नाही. तुमचा नंबर वाढला म्हणून मी तुम्हाला सुईत दोरा ओवून देत होते. तुमचा नव्हे, माझा तपासायला हवा.

तिसऱ्या दिवशी दादाच्या खुर्चीत बसून पत्र पुन्हा वाचलं. मला वाटलं, हळू वाचते आहे. संपवून डोळे पुसते तोच खालच्या बाई वर आल्या, धापा टाकत. म्हणाल्या, "मग बसला ना शिक्का?" तेव्हा कळलं की मी मोठ्याने वाचत होते, आणि खिडकी उघडी होती. आता इमारतीत सांगायचं कुणी उरलेलं नाही. तुमचं एक काम वाचलं.

पहिल्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटले. म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "मग कोणत्या वयात? त्या वयात तर माझा दादा होता." ते जिना चढायचे थांबले आणि उलटे खाली गेले. बाकी सगळे खूश आहेत. त्यांना वाटतं, घरचा माणूस झाला, आता लिफ्ट बंद पडणार नाही.

तुमच्या यांच्या जागेचा प्रश्न मी सोडवला आहे. दादाचं कपाट उघडलं. सदरे खालच्या मुलांना दिले, ज्यांना लांड्या बाह्या चालतात. घड्याळ आणि चष्मा मी माझ्याकडे घेतला, तो माझा भाऊ होता. तीन कप्पे मोकळे आहेत. त्यांना सांगा, पाने आणि तेलाचे डबे जेवणाच्या टेबलावर दिसले तर मी खिडकीतून टाकेन, खाली कोण आहे ते न बघता. साखर चहात पडणार नाही. आणि दाराची घंटा मला ऐकू येत नाही, तर तिला एक दिवा जोडून द्यायचा, घंटा वाजली की लागेल असा. यंत्रातलं कळतं म्हणतात, तर बघू.

पासपोर्टवरून दादाचं नाव काढून घ्या. तुम्ही एकदा नको म्हणालात, ते मला फार बरं वाटलं, ते मी ठेवून घेते. पण त्याला आता कुठे उतरायचं नाहीये. तुम्हाला उतरायचंय. आणि प्रत्येक ठिकाणी उभं राहून दोन माणसांचा हिशेब देत बसाल, तर जहाजं खोळंबतील.

आपल्या बंदराला जहाज लागेल त्या दिवशी मी धक्क्यावर येणार आहे. गुडघ्यांचं मी बघेन. इथेही अधिकारी आहेत, इथेही ते विचारतील की बाहेर घ्यायला कोण आलंय. तेव्हा अडखळू नका, 'ह्या' म्हणू नका, नातं स्पष्ट सांगा. असं सांगा की आवाज बाहेर मला ऐकू आला पाहिजे.

तुमची नणंदच